विमानाच्या पोटातली चिठ्ठी

वाकोला,
गुरुवार, नोव्हेंबर १९८५

तीर्थस्वरूप सहदेवमामांना,

भाचा दशरथ याचा दोन्ही हात (ग्रीस धुऊन) जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मालनमामीचा खोकला गेला का? दहिसरला नळाला पाणी येतं का? इकडे सगळे खुशाल, म्हणजे आई खुशाल आहे आणि मी निलंबित आहे. आईला अजून पत्ता नाही. (रोज डबा घेऊन निघतो आणि कलिन्याच्या मैदानात बसून खातो.) सोमवारी चौकशी आहे. तुम्ही दहा जणांच्या विनवण्या करून लावलेली नोकरी राहते की जाते, ते त्या दिवशी ठरेल.

आमच्या हँगरमध्ये पूर्वी एका विमानाला एक टोळी असायची. तीच उघडायची, तीच दुरुस्त करायची, तीच बंद करायची. हत्यार लागलं की आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा आणि पाना घ्यायचा. त्या खिडकीत कुंदा बसते. (घाटकोपरची, टायपिंग पास, बोलायला कडक. बाकी भेटीत.) मी दिवसातून वीस वेळा पाना बदलायचो. आमचे इन्स्पेक्टर मार्तंडराव एकदा म्हणाले, "दशरथ, एका नटाला सात पाने? तू तो काढतोयस की त्याची समजूत घालतोयस?"

मग चंद्रप्रकाश साहेब आले. हे आधी पंख्यांच्या कारखान्यात होते. तिथे पंखा पट्ट्यावरून सरकतो आणि प्रत्येक माणूस आपापला एकच स्क्रू पिळतो. साहेब म्हणाले, पंखा काय, विमान काय, दोन्ही हवेचंच काम. झालं! हँगरमध्ये सहा स्टेशनं आखली. भोंगा वाजला की ट्रॅक्टरने विमान पुढच्या स्टेशनला ओढायचं, माणसाने जागा सोडायची नाही. आणि हत्यारं तिथेच फळीवर टांगलेली. म्हणजे खिडकीत जायचं कामच उरलं नाही.

आता मामा, पंखे सगळे कोरे आणि एकसारखे. विमानं म्हणजे दवाखान्यातले पेशंट. एकाच्या संडासाखाली गंज, दुसऱ्याच्या पंखात चीर. उघडल्याशिवाय काय निघेल ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात दोन नंबरवरच्या विमानाला इतका गंज निघाला की ते चार दिवस हललं नाही. मागे दोन विमानं ताटकळत, पुढे पाच आणि सहा नंबरची माणसं रिकामी. (पत्ते कोणी आणले ते विचारू नका.) साहेब भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते. तक्त्याप्रमाणे ते विमान मंगळवारीच उडून गेलं होतं. हे सगळं मी हँगरभर ओरडून सांगत फिरलो, तत्त्वासाठी. (कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हाही तत्त्वच वाटलं होतं.)

पंधरा दिवस कुंदाशी बोलणं नाही, तेव्हा मी चिठ्ठी लिहिली. जेवणाच्या सुट्टीत द्यायची होती. पण कामाच्या कपड्यांत खिशात काही ठेवायला बंदी. म्हणून चार नंबरवर, विमानाच्या उघड्या फरशीखाली, केबलींच्या बाजूला अलगद ठेवली. (असं करणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी, हे मीच आदल्या दिवशी म्हणालो होतो.) तेवढ्यात भोंगा! जुन्या पद्धतीत विमान आमच्यापाशीच राहिलं असतं. आता ते निघालं पाच नंबरला, फरशी बंद करून घ्यायला.

मी धावत जाऊन ट्रॅक्टरसमोर उभा राहिलो. ड्रायव्हर ओरडला, "ए, मरायचंय काय रे?" चिठ्ठीचं बोलता येईना, म्हणून मी हात वर करून गरजलो, "विमान म्हणजे पंखा नाही!" टाळ्या पडल्या. दोघांनी मला खांद्यावर घेतलं. वाट मोकळी झाली तसा ट्रॅक्टर गेला पुढे. खांद्यावरून मला दिसत होतं, पाच नंबरवाले स्क्रू आवळताहेत. आता त्याच केबलींनी विमान वळतं; त्यांत कागद अडकला तर वर गेल्यावर काय होईल, ही चेष्टा नाही. शेवटी वरूनच बोंब ठोकली, "थांबा, आत माझा कागद राहिलाय!"

फरशीच्या चोवीस फळ्या पुन्हा उघडल्या. चिठ्ठी निघाली. आणि मामा, साहेबांची पद्धत त्या दिवशी पहिल्यांदा बिनचूक चालली. एकाने सापडल्याची सही केली, दुसऱ्याने उलगडली, तिसऱ्याने मोठ्याने वाचली, मार्तंडरावांनी 'तपासले' असा शिक्का मारला, आणि सापडलेल्या वस्तूंच्या वहीत नोंद करायला ती गेली हत्यारांच्या खिडकीत. वर नुसतं 'प्रिय', खाली सही नाही. (दोन्हीचा धीर झाला नव्हता.) कुंदाने शेवटपर्यंत वाचली आणि नोंद केली: 'कागद, निळी शाई, एक नग.'

साहेब म्हणाले, "हँगरमधली ही मुलगी कोण? तिलाही घरी पाठवतो." मी तापलो. तापल्यावर माझ्या तोंडाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काहीतरी बोलून गेलो आणि गोष्ट सोमवारवर गेली. असो. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
दशरथ

ता. क. मी बोललो ते असं: चिठ्ठी माझी नाही, माझ्या मामांची. मामी माहेरी गेली होती, मामांनी तिला लिहून टपालपेटीत टाकायला दिली. साहेब म्हणाले, "मामांना सोमवारी दहाला आण. ते हो म्हणाले तर ताकीद देऊन सोडतो." सोबत नक्कल जोडली आहे, पाठ करून या. 'तुझ्या बोटांना येणारा पितळेचा वास' इथे अडखळू नका. मामी कळशी घासते म्हणून सांगा.

आणखी ता. क. पाकीट मुद्दाम तुमच्या जकात नाक्यावर पाठवतोय. नक्कल मामीच्या हाती पडू देऊ नका.

शेवटचं ता. क. परवा कुंदा बसस्टॉपवर भेटली. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तर तीच म्हणाली, "तुझे मामा काय लिहितात रे! लग्नाला एवढी वर्षं होऊनसुद्धा! नाहीतर आमच्या हँगरमधले एकेक." तेव्हा मामा, साहेबांपुढे चिठ्ठी तुमची म्हणून सही करा, आणि जाताना खिडकीशी थांबून कुंदाला हळूच सांगा की तुम्ही आयुष्यात जकातीच्या पावतीखेरीज काही लिहिलेलं नाही.