माझ्याच तोंडाचं पार्लर

२ फेब्रुवारी

हनुवटीवर नवीन तीन! एक तर असा ठणकतोय की बोलताना ओठ ओढला जातो. आणि नेमक्या आजच शाळेतल्या बाई आयब्रो करायला आल्या. मी दोरा दातात धरून वाकले, तर त्या डोळे मिटायचे सोडून माझी हनुवटीच बघत बसल्या. शेवटी म्हणाल्याच — "पंचशीला, राग मानू नको गं, पण फेशियल मी बीडलाच करीन."

राग कशाला मानू! दुकानाच्या पाटीवर गुळगुळीत गालांची नवरी, आणि आत शिरलं की मी. किराणावाल्याच्या तोंडावर कोणी डाळीची प्रत शोधत नाही. माझं गिऱ्हाईक मात्र आधी माझं तोंड तपासतं, मग खुर्चीत बसायचं की नाही ते ठरवतं. धारूरमध्ये आता दुसरं पार्लरही झालंय, चौकात. तिथली पोरगी गोरी, स्वच्छ. कात्री कशी धरायची ते तिला येत नाही, पण विचारतंय कोण!

दहावीत असताना आल्या या पुटकुळ्या. मुक्कामालाच राहिल्या.

५ फेब्रुवारी

सगळ्यांकडे औषध आहे. आई म्हणते, "पोटात उष्णता हाय तुझ्या, सब्जा पी." शेजारच्या मंजुळाबाई म्हणतात, टूथपेस्ट लाव. लावली. आग आग झाली आणि सकाळी तिथंच काळा डाग. त्याआधी लिंबू झालं, मुलतानी माती झाली. "लग्न झालं की जात्यात बघ" हे तर रोजचं. म्हणजे नवरा हा मलम आहे!

मी अंबाजोगाईला जाऊन पार्लरचा कोर्स केलेला आहे. दुसऱ्याच्या तोंडाला लिंबू लावू नका म्हणून सांगते. आणि स्वतः दार लावून चोळते. चीड येते स्वतःची.

दिवसभर आरशासमोर काम. गिऱ्हाइकाकडे बघायचं म्हटलं तरी मागे मी दिसतेच.

९ फेब्रुवारी

कापूस आणायला मेडिकलवर गेले होते. विजयसिंह काउंटरवर. माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एक ट्यूब हाय. लई चालती. आठ दिवसांत तोंड बघा तुमचं."

म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी?

"चिठ्ठी कशाला लागती? साधं मलम हाय. खाज, नायटा, पिंपल — सगळ्याला एकच."

सगळ्याला एकच! हसूच आलं. पण आणली.

१४ फेब्रुवारी

हनुवटी बसली!! ठणका नाही, लाली नाही. गालावरून हात फिरवला तर हात घसरला. आईला बोलावून दाखवलं. ती चुलीपुढून उठून आली, पदरानं हात पुसून गाल धरला. "पोरी, सब्ज्यानं फरक पडला बघ!"

पडू दे तिचा सब्जा खरा.

२६ फेब्रुवारी

शाळेतल्या बाई स्वतःहून आल्या. फेशियल करून घेतलं! बीडचं नावही काढलं नाही. जाताना दारात थांबून — "काय लावतीस गं? खरं सांग."

"काही नाही हो. पपई, आणि पाणी भरपूर."

कसं पटकन आलं तोंडातून! एकदा म्हटलं की मग सगळ्यांना तेच सांगावं लागतं. आज चौघींना पपई सांगितली. बाजारात पपई संपेल.

पण आत एक किडा वळवळतोय. ट्यूबचं सांगितलं तर त्या म्हणतील, मग तुझ्या फेशियलला काय अर्थ? आणि बरोबरच आहे त्यांचं.

१३ मार्च

ट्यूब संपली, दुसरी आणली. मी मागायच्या आतच विजयसिंहनं काढून ठेवली.

२३ मार्च

भयंकर झालं. मावशीकडे केजला गेले होते, नामकरणाला. ट्यूब घरी विसरली. पहिल्या दिवशी गाल नुसते कोमट. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड लालभडक, खाज, आणि कपाळापर्यंत बारीक पुळ्या. इतक्या तर दहावीतही नव्हत्या! मावशी म्हणाली, पाणी बदललं असेल. फोटोच्या वेळी मी मागच्या रांगेत, एका उंच बाईच्या पाठीमागे.

घरी आल्या आल्या चपला न काढता ट्यूब लावली. सकाळपर्यंत शांत. पुन्हा लोणी.

आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. म्हणजे हे बरं झालेलं नव्हतंच? नुसतं झाकलेलं होतं?

२ एप्रिल

ऊसतोडीवरून लोक परतायला लागले. ट्रॅक्टर भरून येतायत — भांडी, शेळ्या, पोरं, वरती बांधलेल्या बाजा. आता लग्नांचे दिवस. माझी खरी कमाईची वेळ हीच, आणि चौकातल्या पोरीचीही.

मंगल आली! शाळेत एका बाकावर होतो. दसरा झाला की ती आईबापांबरोबर कारखान्याला, आणि दरवर्षी तिची परीक्षा बुडायची. यंदा वैशाखात तिचं लग्न आहे. खुर्चीत बसून तिनं माझ्याकडेच टक लावली.

"अगं, तूच हायस का ही? तोंड कुटं ठिवलंस जुनं?"

तिचं तोंड उन्हानं रापलेलं, उसाच्या पाचटाच्या कुसळांनी ओरबाडलेलं आणि दोन्ही गालांवर पुटकुळ्या. म्हणाली, "मला तुज्यासारखं करून दे. दुसरं कायबी नको." मी हो म्हटलं. काय म्हणणार?

६ एप्रिल

काल तिसरी ट्यूब आणली. आज भाकरी करायला चुलीपुढं बसले तर गाल असे पेटले की उठावं लागलं. उन्हात तेच. आणि आरशात नीट बघितलं — गालावर लव वाढलीय, आधी नव्हती. नाकाशेजारी लाल, दोऱ्यासारख्या बारीक शिरा. दुसऱ्यांची कातडी बघून पोट भरते मी. ही कातडी गिऱ्हाइकाची असती तर दारातूनच परत पाठवलं असतं. म्हटलं असतं, बाई, आधी डॉक्टर गाठा.

उद्या अंबाजोगाई. आईला सांगितलं, पार्लरचं सामान आणायला चाललेय.

७ एप्रिल

सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरकडे ही रांग! डॉक्टर बाई तरुण आहेत. मी काही बोलायच्या आत हात पुढं केला — "ट्यूब आणली का?" दिली. त्यांनी उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली. यात स्टेरॉइड आहे. तोंडाला लावायची नाहीच. पुटकुळी दबते, कातडी पातळ होते, आणि सोडली की दुप्पट उसळते. "सवय लागते कातडीला. दारूसारखी."

मी विचारलं, मग आता?

"बंद. आधी भडकेल. मग हळूहळू शमेल. काही महिने लागतील."

महिने! आणि लग्नं या महिन्यात!

दिलं काय — साधं सौम्य फेसवॉश, दोन वेळाच. साधं मॉइश्चरायझर. दिवसा सनस्क्रीन. कातडी शांत झाल्यावर रात्री पुटकुळ्यांचं जेल, हरभऱ्याएवढं. घासायचं नाही, फोडायचं नाही, वाफ नाही, लिंबू नाही. डोक्याचं तेल कपाळावर उतरू द्यायचं नाही, उशीचं कापड धुवायचं. मी म्हटलं, बस? "बस. रोज. कंटाळा न करता." एवढी रांग लावून हे!

एस.टी.त रडू आलं. शेजारच्या बाईनं गोळी दिली, तिला वाटलं मळमळतंय.

११ एप्रिल

भडकलं.

१४ एप्रिल

जयंती. गल्लीभर निळे झेंडे, सकाळपासून ढोल. पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती, ती तशीच खुंटीला. तोंड सुजलंय, पाणी लागलं तरी झोंबतं. चौकातून पोरी हाका मारत होत्या, मी ताप आलाय म्हणून सांगितलं.

आई दारात उभी राहिली. एरवी ओरडते, आज ओरडली नाही. "आजच्या दिवशी तोंड लपवून बसतीस व्हय गं? त्या बाबानं तोंड वर करून चालायला शिकवलं आपल्याला."

मी म्हटलं, तुला नाही कळायचं. मग तिला सगळं सांगितलं — ट्यूब, पपई, अंबाजोगाई. ती ऐकत राहिली. म्हणाली, "सब्ज्यानं न्हवतं व्हय ते." आणि मला हसू फुटलं, हसताना गाल फाटल्यासारखे झाले.

मिरवणुकीला नाही गेले ती नाहीच. ट्यूब कपाटात आहे. एकदा लावली तर उद्या सकाळी पांढरी साडी नेसून फिरता येईल. चार वेळा कपाट उघडलं. पाचव्या वेळी ट्यूब पिळून मोरीत रिकामी केली. आता बरं वाटत नाहीय. मुळीच नाही.

१९ एप्रिल

पार्लर उघडं ठेवलंय, तोंडाला स्कार्फ. सगळ्यांना सांगते — धुळीची ॲलर्जी. पपईच्या जागी आता ॲलर्जी. काही बायका खुर्चीत न बसताच जातात.

मंगल आली आणि सरळ म्हणाली, "तू ट्यूब लावतीस. मला माहीत हाय. विजयसिंहच्या दुकानातून नेताना बघितलंय मी. मलाबी दे."

म्हटलं, नाही देणार.

"कावून?"

"नाही म्हटलं ना."

ती उठली. आवाज चिरका झाला. "तुला वाटतं आमी ऊस तोडणाऱ्यांनी असंच राहावं. तू गोरी झालीस, आता दुसरी नको व्हाया तुला. लगीन माजं हाय पंचशीला! एकदाच हाय!"

हे लागलं. फार लागलं. मी दार लावलं आणि स्कार्फ काढला.

ती जवळ येऊन बघत राहिली. मग हळूच, "लई दुखतंय का गं?" मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. नंतर सगळं सांगितलं. शपथ घातली, कुणाजवळ बोलू नकोस. धंदा बसेल माझा. ती म्हणाली, न्हाई बोलणार.

२८ एप्रिल

आम्हा दोघींना एकच औषध! तिलाही डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले. तिचं लगेच जेल सुरू, माझं थांबा. धुवा, लावा, थांबा. धुवा, लावा, थांबा. वेड लागायची पाळी. मंगल सनस्क्रीन थापते तेव्हा चुना दिलेल्या भिंतीसारखी दिसते. तिची आई ओरडते, "आता रानात चुना लावून जायाची का?" तरी लावते.

रोज सकाळी आरशात बघते, काहीच बदललेलं नसतं. मग बघायचंच नाही ठरवते. मग बघते.

१२ मे

मंगलचं लग्न झालं. मी तोंडाला मास्क लावून नवरी नटवली. तिच्या गालांवर अजून डाग आहेत, दोन पुटकुळ्याही होत्या. मी झाकायला गेले तर तिनं हात धरला. "राहू दे. थोडं मीबी दिसू दे."

हळदीच्या वेळी तिनं बायकांना दटावलं होतं, तोंडाला जपून लावा! आणि तिची सासू मांडवात म्हणाली, पोरीचं तोंड कसं निरोगी दिसतंय. निरोगी! गोरं नाही, निरोगी. हा शब्द मला आजवर कुणी दिला नाही.

बायकांनी मंगलला घेरलं — काय लावलंस, काय लावलंस? ती माझ्याकडे बघून गप्प. शपथ पाळली तिनं. मलाच कसंतरी झालं.

२६ मे

अंबाजोगाई. सूज गेली, पुळ्या कमी. गाल अजून लाल, शिरा दिसतात. डॉक्टर बाई म्हणाल्या, काचेसारखं होईल असं सांगत नाही, पण शांत होईल. आता जेल सुरू, एकाआड एक दिवस.

मग विचारलं, "तुमच्या गावात आणखी कोण लावतं ही ट्यूब?" म्हटलं, कोणी नाही. "नक्की? तुमच्याकडे तर सगळ्या बायका येतात. सांगा ना त्यांना."

सांगायला काय जातंय त्यांचं! सांगितलं की पपई खोटी, ॲलर्जी खोटी, मी खोटी. मग उरलेल्या चार बायकाही चौकात.

परत येताना एस.टी.त सगळा वेळ अस्वस्थ.

५ जून

मेडिकलवर गेले, मॉइश्चरायझर घ्यायला. स्कार्फ बांधलेला, विजयसिंहनं ओळखलं नाही. माझ्या पुढं दहावी-अकरावीतली एक पोरगी. हनुवटीवर दोन-तीन पुटकुळ्या, बस. म्हणाली, "दादा, ती पार्लरवाल्या पंचशीलाताईची ट्यूब द्या." त्यानं न विचारता खालच्या खणातून काढली, खोकंच भरलेलं होतं. म्हणजे माझंच तोंड दाखवून विकत होता हा! मागून एक बाई म्हणाली, "मलाबी तीच द्या, माजी संपली."

मी स्कार्फ सोडला. म्हटलं, "पंचशीला मीच. बघा."