आवाज कुठे जात होता

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतोस, वृद्धाश्रमातली खोली तयार आहे, बाबांची बॅग भरून ठेव. बॅग अजून भरलेली नाही. त्याचं सांगते, पण आधी माझ्या कॉम्प्युटरचं ऐकून घे. त्या दळभद्री यंत्राचा मला इतका वीट आलाय की कोणाजवळ तरी भडाभडा ओकल्याशिवाय राहवणार नाही, आणि भाऊ म्हणून ती जागा तुझीच आहे.

शाळेच्या गायनवृंदासाठी मी नवं गाणं बसवतेय. चारही आवाजांची स्वरलिपी त्या प्रोग्रॅमवर लिहायची आणि बटण दाबून ऐकायची, म्हणजे चूक लगेच कानाला खुपते. गेल्या वेळी तू येऊन गेलास आणि तो मुका झाला. बटण दाबलं की निळी रेघ सुरांवरून ऐटीत सरकते, आवाजाच्या हिरव्या पट्ट्या वरखाली नाचतात, आणि स्पीकरमधून हूं नाही की चूं नाही. बातम्या लावल्या तर खणखणीत. म्हणजे वैर फक्त माझ्या गाण्याशी. वाद्यांचे आवाज काढून परत घातले, वायर उपसून खोचली, अख्खा प्रोग्रॅम पुसून नव्याने चढवला. मदतीच्या नंबरवर फोन केला तर तिथल्या बाईंनी गोड गळ्याने विचारलं, आवाज वाढवून पाहिलात का. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्ट्या हलतायत म्हणजे आवाज कुठेतरी जातोय, एवढं मात्र त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, जातोय मसणात. आणि प्रत्येक उपाय करून झाला की तपासायला त्याच सुरुवातीच्या चार ओळी लावायच्या. लाव, थांबव. पुन्हा लाव, पुन्हा थांबव.

बाबांचं त्याच सुमारास सुरू झालं. चहा पिताना म्हणाले, कोण गं सारखं गातंय, शब्दच नाहीत त्याला, थोडं गातात आणि तिथेच अडकतात. मी हसले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा हसले नाही. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल तेवढंच बोलणारा. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी धड मान वर न करता सांगितलं, ऐकू कमी आलं की असे भास होतात, पुढे वाढतही जातील, एकटं ठेवू नका. मी तुला कळवलं आणि तू लगोलग खोली ठरवून मोकळा झालास. मीही हो म्हटलं. दिवसभर शाळा असते माझी, हे कारण तयारच होतं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि गाण्याबद्दल एक अक्षर काढणं सोडलं. रोज सकाळी दाढी करून, शर्टाची सगळी बटणं लावून खुर्चीत बसायला लागले. कोणी तपासायला आलं तर आपण ठीक दिसावं म्हणून. विचारलं तर म्हणायचे, काही नाही गं, काही ऐकू येत नाही मला.

काल शाळेला सुट्टी होती, दुपारी मधलं दार उघडं होतं. मी बटण दाबलं आणि पलीकडच्या खोलीत बाबांचा हात कानाच्या मशीनकडे गेला. थांबवलं, हात खाली आला. पुन्हा लावलं, पुन्हा हात वर. मी त्या प्रोग्रॅमचा कानाकोपरा धुंडाळायला बसले. आवाज कुठे पाठवायचा याची त्या प्रोग्रॅमची स्वतःची वेगळी यादी असते, ती तेव्हा कुठे मला सापडली. स्पीकर, हेडफोन, आणि खाली खूण केलेलं तिसरं नाव, थेरडा. बाबांना बातम्या नीट ऐकू याव्यात म्हणून गेल्या वेळी आलास तेव्हा तूच त्यांची कानाची मशीनं ब्लूटूथने माझ्या कॉम्प्युटरला जोडलीस. बातम्या नंतर स्पीकरवर परत आल्या, पण प्रोग्रॅम तेच नाव धरून बसला, पुसून चढवला तरी. नावही तूच दिलंस. मला शिसारी आली. त्या शब्दाची आली, तुझी आली, आणि बापाला भास होतात हे इतक्या सहज पटवून घेणाऱ्या माझी तर सगळ्यात जास्त आली.

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि विचारलं, ते पुढे कसं जातं गं. एवढे दिवस तेवढंच ऐकतोय. मी ती यादी झटकन बंद केली आणि सगळं गाणं लावलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. शेवट जरा लांबलाय म्हणाले, आणि आत जाऊन चक्क घोरत झोपले.

तर हे पत्र एवढ्यासाठी की बाबा कुठेही जाणार नाहीत. खोली नको म्हणून मी आजच कळवलंय. दुपारी सोबतीला कोण बसेल ते आपण दोघं बघू. रविवारी तू ये मात्र नक्की. गाण्याचा आवाज मी स्पीकरकडे वळवलाय, पण यादीतलं ते नाव तसंच ठेवलंय. बाबांच्या शेजारी बसून ते तू तुझ्या हाताने बदलायचंस. काल यादी बंद करण्याआधी त्यांनी ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. कान गेले असले तरी त्यांना अजून चष्म्याशिवाय वाचता येतं.

काही झालं तरी तुझीच,
ताई