बाप्तिस्मा न झालेल्या बाईची माती

बाबा, तुमचा विषय निघाला की लोक अजून सायकलपासून सुरुवात करतात. तुम्ही आणि काका सायकलवरून राळेगावकडची खेडी कशी पालथी घालायचात, नाल्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तुम्ही बाप्तिस्मा कसे द्यायचात, आणि पुढं जिल्ह्यातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या संघाचे अध्यक्ष कसे झालात. मी ऐकून घेते. काकांचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही.

ते आपल्या नात्यातले नव्हते. केळापूरजवळच्या एका खेड्यात ते उपदेशक होते आणि तुमचे जुने सोबती. त्या खेड्यातली एक बाई दर रविवारी प्रार्थनेला येऊन मागच्या चटईवर बसायची. नवरा पाण्यात उतरू देत नव्हता, म्हणून तिचा बाप्तिस्मा राहिला होता. ऐन उन्हाळ्यात ती तापानं गेली. ती येशूची झाली, आमच्या मसणात नको, असं गाव म्हणालं. बाप्तिस्मा नसलेल्याला आपल्या कब्रस्तानात जागा नाही, असा आपला नियम. सकाळपासून दुपारपर्यंत ती बैलगाडीत पडून होती. शेवटी काकांनी दोन माणसं घेऊन आपल्याच कब्रस्तानात खड्डा खणला आणि तिला माती दिली.

तिसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना यवतमाळला आपल्या घरी बोलावलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळते आहे, दार उघडं आहे.

"मले इचारलं काहून नाही?" तुम्ही म्हणता.

"इचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं."

"नियम का मी एकट्यानं केला?"

"नाही जी. पण बाई उन्हात होती. वास याले लागला होता."

तुम्ही म्हणालात, आज एकाला सोडलं तर उद्या प्रत्येक मंडळी आपल्या मनाचं करेल. काकांना सेवेतून काढल्याचं पत्र तुम्ही त्यांच्यासमोरच लिहिलंत. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं, आईनं दिलेला चहा पूर्ण प्यायला आणि गेले. जेवताना आई एवढंच म्हणाली, "तुमच्या मायले ठेवलं असतं का असं उन्हात?" तुम्ही ताट सारलंत. त्यानंतर तो विषय आपल्या घरात निघाला नाही. काका पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. तुम्ही सभा घेत राहिलात, गळ्यात हार पडत राहिले.

अर्धांगवायूनंतर तुम्ही एक दिवस म्हणालात, "मले त्याच्याकडे घेऊन चाल." आपण एसटीनं गेलो. काका अंगणात तुरी निवडत होते. त्यांनी तुम्हाला हाताला धरून खाटेवर बसवलं. तुम्ही तुरीचं विचारलंत, पावसाचं विचारलंत, त्यांच्या गुडघ्यांचं विचारलंत. ते वाट पाहत होते, हे मला दिसत होतं. मग तेच म्हणाले, "पास्तरसाहेब, प्रार्थना करा, मंग निघा." तुम्ही तोंड उघडलंत, पण शब्द आला नाही. हजारो माणसांपुढं बोललेले तुम्ही! शेवटी काकांनीच तुमच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. परतताना बसमध्ये तुम्ही म्हणालात, "बोलाचं ते राह्यलंच." दोन महिन्यांनी तुम्ही गेलात.

तुमच्या मातीला सगळ्या तालुक्यांतून माणसं आली. काका कब्रस्तानाच्या फाटकापाशी धुतलेला सदरा घालून उभे होते. मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, मी दोन शब्द प्रार्थना करू का?" तुम्हाला तेच हवं वाटलं असतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मंडळीचे वडीलजन आमच्याकडे बघत होते.

"काका, आज राहू द्या," मी म्हटलं. "उगीच बोलाचाली होईन."

"बरं," ते म्हणाले आणि गर्दीच्या मागं जाऊन उभे राहिले.

आता तेही नाहीत. हा कागद पाठवायला कुठलाच पत्ता उरलेला नाही. त्या दिवशी काकांना मंडळीनं अडवलं, असंच सगळे समजतात. आई मरेपर्यंत वडीलजनांना दोष देत राहिली, आणि मी तिला देऊ दिला.