बिस्किटाखालचा पत्रा

पोंभुर्णा, ६ जानेवारी २०२६

ती. मुखरूमामांस,
हर्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

छपाईच्या मशीनने तुमचे कान खाल्ले तेव्हापासून तुम्ही फोन मामीकडे ढकलता, म्हणून पुन्हा कागदच. निकेश म्हणतात, मामाला लिहायला बसली की ही घरात असून नसते.

आमच्या बचत गटाला ओव्हन मिळाला. मोहफुलाची बिस्किटं करायचं खूळ माझं, म्हणून तो माझ्याच घरी ठेवला. पण काय सांगू मामा! सोबत आलेला काळा, पातळ ट्रे असा तापतो की बिस्किट खालून कोळसा अन् वरून कच्चं. घाण्यावर घाणे गाईपुढे गेले. आता गायही तोंड फिरवते. गटाच्या अध्यक्ष सीताबाईंनी बैठकीत स्पष्टच सांगितलं, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आपला स्टॉल आहे, तिथवर बिस्किट जमलं तर ठीक, नाहीतर ओव्हन पापडवाल्या बायकांकडे जाईल. त्यांचं चुकत नाही. पण डी.एड. होऊन इतकी वर्षं घरात बसले, माझं म्हणावं असं हे पहिलंच काम. ओव्हन गेला तर मी पुन्हा होते तिथेच.

तुमचा जन्म छपाईच्या पत्र्यांत गेला. बिस्किटाला कोणता ट्रे घ्यावा, तेवढं सांगा. मामीला जय भीम.

तुमची, जीव लावून घेतलेली,
हर्षा

वडसा, १३ जानेवारी

चि. हर्षाबाईस,
मामाचा आशीर्वाद अन् जय भीम. भाचीच्या पाया पडायची आपली रीत, तवा इथूनच पडलो असं समज.

तुह्यं पत्र वाचलं अन् चहा तसाच ठेवून उठलो. सध्या नाटकांचा मोसम, प्रेसमध्ये पोस्टरंच पोस्टरं छापून राह्यलो. छपाई झाली का अॅल्युमिनियमच्या प्लेटा कोपऱ्यात पडून राह्यतात. मालकाले मागितल्या, त्यानं हसत देल्ल्या. घासलेटानं पुसल्या, राखेनं घासल्या, कडा वळवल्या. अंगठा कापला. तुही मामी लय ओरडली म्हणे, पण मले ऐकू आलं नाई, तेवढा फायदा. काळा पत्रा ताव जास्त पिते, उजळ पत्रा बरा, एवढं मले समजते. निकेशच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ गठ्ठा देल्ला आहे.

ओव्हन कुठी जात नाई. मामा जिता आहे अजून.

तुहाच,
मुखरूमामा

पोंभुर्णा, २२ जानेवारी

ती. मामांस, सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रे पोहोचले. इतके चकचकीत की सासूबाईंनी त्यात पाहून केस विंचरले! एकावर अजून नाटकातला राजा पुसट दिसतो, मिशीसकट. शेजारपाजारच्या सगळ्यांना दाखवून आले, माझ्या मामाने हाताने केले म्हणून. अंगठ्याला हळद लावा. तुमचे उपकार कसे फेडू?

निकेशसोबत डबाभर बिस्किटं पाठवते आहे. गोड मानून घ्या.

तुमची,
हर्षा

वडसा, २८ जानेवारी

चि. हर्षास,
वच्छलामामीचा आशीर्वाद.

हे पत्र तुह्या मामाच्या अपरोक्ष लिहून राह्यली. बिस्किटं चांगली होती. मामानं दोन खाल्ली अन् बाकीची प्रेसमध्ये वाटायले नेली, माह्या पत्र्यावरची म्हणून छाती फुगवून. मी मात्र एक उलटं करून पाह्यलं. कडेची बिस्किटं एका अंगाले वर उचललेली. पत्रा तर सपाट होता ना बाई? ती किनार ताटाची आहे. तुह्या लग्नात ताटं मी देल्ली, मी ओळखणार नाई काऊन?

पत्रभर धन्यवाद लिहिले तू, पण बिस्किटाचं बूड कसं निघालं याचा एक शब्द नाई. मामानं देल्लेलं नापसंत कसं म्हणावं, असंच ना? अवं पोरी, तो बहिरा आहे, लेचापेचा नाई. जत्रा तोंडावर आली. ओव्हन गेला अन् मंग त्याले समजलं, तर तो माणूस जेवणार नाई. त्याले खरं लिव्ह. मी सांगितलं असं लिहू नको.

तुही मामी

पोंभुर्णा, १ फेब्रुवारी

ती. मामांस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

रागावू नका. तुमचे पत्रे ओव्हनमध्ये तापले की टण्णकन वाजून पिळतात. पहिल्या वेळी सासूबाई वंदना सोडून अंगणात पळाल्या. सगळी बिस्किटं घसरून एका कोपऱ्यात गोळा झाली अन् त्यांना शाईचा वास लागला. तुम्हाला पाठवलेली मी लग्नातल्या ताटात भाजली होती. ताटात मोजकीच मावतात, जत्रेपुरती होणार नाहीत.

तुमचा कापलेला अंगठा डोळ्यांपुढे होता, मामा. म्हणून लिहायची हिंमत झाली नाही. आई गेल्यावर माझ्यासाठी कोणी चहा सोडून उठलं असेल तर तुम्हीच. कशी नावं ठेवू?

तुमची,
हर्षा

वडसा, ६ फेब्रुवारी

चि. हर्षाबाईस,
आशीर्वाद.

पहिले रागावलो, मंग इतका हसलो का मामी पाणी घेऊन आली. अवं, पातळ प्लेट उन्हात ठेवली तरी वाकते, हे मी रोज पाह्यतो, अन् तेच भट्टीत घालाले पाठवलं! वरून शाईचा पत्रा. माह्यी अक्कल कुठी गेली होती, काय माहीत. भाचीचं नाव निघालं का असंच होते मले.

मंग आम्ही दोघं कामाले लागलो. भांडेवाल्या दिनेशकडून नवे पत्रे आणले, पातळ, मध्यम, जाड, अन् एक काळाही. मामीनं तुह्यासारखं पीठ मळलं, वरखाली निखारे ठेवून एकेकावर भाजलं. पातळावर करपलं. काळ्यावर त्याहून करपलं. जाड, उजळ अॅल्युमिनियमवर खालून बदामी, वरून खुसखुशीत. कडा उंच असल्या का बाजूचं बिस्किट कच्चं राह्यते, म्हणून एकच काठ वळवला, धराले. दोन करून घेतले, त्याच कंडक्टरजवळ देल्ले. एक आत असला का दुसरा थंड होऊ दे. गरम पत्र्यावर पीठ ठेवलं तर ते आधीच पसरते. ओव्हनच्या भिंतीले पत्रा टेकू देऊ नको.

मामीनं परीक्षेची इतकी बिस्किटं खाऊ घातली का मले मोहफुलाचा वास स्वप्नात येते. जुन्या प्लेटा भंगारात दे.

आता लपवलं काही, तर पाया पडणं बंद.

तुहा मामा

पोंभुर्णा, १८ फेब्रुवारी

ती. मामा अन् ती. मामी,
हर्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

ओव्हन राहिला! आधी हेच लिहिते, बाकी मग. तुमच्या जाड पत्र्यांवर एकही बिस्किट करपलं नाही. जत्रेत दुपारीच डबे रिकामे झाले. सीताबाईंनी शेवटचं बिस्किट उलटं करून बूड पाहिलं, खाल्लं, अन् सगळ्यांसमोर म्हणाल्या की ओव्हन हर्षाकडेच राहील, अन् पापडवाल्या बायकांनीही इथेच यावं, मिळून करू. मी तिथेच रडले. निकेश लोकांना सांगत होते, धूर लागला म्हणून.

मामी, तुम्ही उलटं करून पाहिलं नसतं तर मी आज कुठे असते? ते पत्र जपून ठेवलं आहे. हे मामांनी वाचलं तरी चालेल.

अन् मामा, तुमचं एक मी ऐकलं नाही. जुन्या प्लेटा भंगारात दिल्या नाहीत. मिशीवाला राजा मागे ठेवून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मुखरूमामाची मोहफूल बिस्किटं’, अन् स्टॉलवर टांगल्या. नदीवरून वारा आला की त्या टणटण वाजायच्या. तुम्हाला ऐकू आलं नसतं, म्हणून लिहून सांगते. त्या गर्दीत लोक तो आवाज ऐकून वळत होते, अन् वळले की पहिलं तुमचं नाव वाचत होते.

पुढच्या वर्षी पाटीखाली तुम्ही बसायचं आहे. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
हर्षा