एकाच कॉम्प्युटरच्या दोन बाजू

मंगळवार, ८
आज पुन्हा तेच! कॉम्प्युटर लावला, बेतणीचा प्रोग्राम उघडला, तर पडद्यावर ही मोठी लाल पट्टी – हे लायसन दुसरीकडे चालू आहे, इथे बंद केलं आहे. दुसरीकडे म्हणजे कुठे? दुकान एक, टेबल एक, कॉम्प्युटर एक. त्याला काय पाय फुटलेत?

किल्ली पुन्हा घातली. किल्ली म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ, प्रोग्रामच्या डब्याच्या झाकणावर छापलेली. चष्मा पुसून एकेक अक्षर टिपलं. शून्य की ओ, देव जाणे! शेवटी लागली. मग बँडवाल्यांच्या कोटांना हात घातला. पुढच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम. अख्ख्या बँडचे कोट एकदम – एवढं मोठं काम दुकानात पहिल्यांदाच आलंय.

बुधवार, ९
सकाळी पुन्हा लाल पट्टी. मी काय झोपेत येऊन बंद करते?

शुक्रवार, ११
कॉम्प्युटर-दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणतो, "मावशी, तुम्हीच नाही का म्हणालात, एकाचे दोन करून दे? आता हा आतून दोन आहे. सुरू करताना विचारतो ना, कोणती बाजू? तुमच्या बाजूला प्रोग्राम वेगळा, धाकट्या काकूंच्या बाजूला वेगळा. किल्ली मात्र एकच."

मला वाटलं होतं, कपाटात मधे फळी मारावी तसं असेल. अलीकडे माझं, पलीकडे तिचं. कपाट तर एकच राहतं!

"कंपनीला ते दोन कॉम्प्युटर वाटतात."

"मग येऊन बघा म्हणावं त्यांना. एकच आहे!"

हसला, चहा प्यायला आणि गेला. मी आपली विचार करत बसले. म्हणजे – धाकटी! दुपारी ती तिच्या बाजूनं किल्ली फिरवते, की माझं बंद. सकाळी मी फिरवते, की तिचं बंद. आणि इतके दिवस दोघी मुकाट्यानं तेच करतोय! विचारणार कशा? अबोला आहे ना.

फळी का मारली तेही लिहून ठेवते, उद्या मीच विसरायची. धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरात आली तेव्हा सुईत दोरा ओवता येत नव्हता पोरीला. मी शिकवलं. कॉम्प्युटरवर बेतायला मात्र दोघी मिळूनच शिकलो, चुकत-माकत. गेल्या महिन्यात तिनं माझ्या कोटाच्या बेतात न विचारता हात घातला. मुंढा, काखेत जिथे बाही जोडतो तो घेर, वर उचलला, चांगला दोन बोटं! मला पत्ताच नाही, मी तसंच कापलं. "ताई, काखेत वर बसला की हात मोकळा हलतो," म्हणे. माझ्या हाताखाली शिकली आणि माझाच मुंढा दुरुस्त करते! म्हटलं, तुझं तिकडे, माझं इकडे. तेव्हापासून काजवाल्या बाई आमच्या मधे बसून काज करतात आणि निरोप पोचवतात. "बाई, त्यांना सांगा, कात्री हवीये." कात्री तिच्या कोपराशी, मी हातभर अंतरावर!

शनिवार, १२
निरोप धाडला. "बाई, त्यांना म्हणावं, किल्ली फिरवायच्या आधी सांगत जा."

धाकटी इस्त्रीवरची मान वर न करता – "बाई, त्यांना म्हणावं, माझंही तेच म्हणणं आहे."

बाई म्हणाल्या, "आणि दोघींना म्हणावं, मी काज कधी करू?"

सोमवार, १४
आगीतून फुफाट्यात! आता दोन्ही बाजू बंद. किल्ली फार वेळा फिरवली म्हणे, कंपनीनं गोठवली. किल्ली फिरवून फिरवून झिजते हे ठाऊक होतं, गोठते हे आजच कळलं.

सगळ्यांची मापं, सगळे बेत आत अडकलेत. कापून तयार आहेत ते दोनच कोट, दोन्ही ढोलवाल्याच्या मापाचे – एक मी बेतलेला, एक तिनं. हाही अबोल्याचाच प्रताप, त्याच्यापासून दोघींनी आपापली सुरुवात केली! बँडमास्तर डोकावून गेले. "जमेल ना? नाहीतर आम्ही तयार कोट बघतो." हसत म्हणाले, पण हसू वरवरचं. नुसत्या कच्च्या टिपा मारून आज दोन्ही कोट उभे केले. उद्या त्याला घालून बघू.

मंगळवार, १५
ढोलवाला आला. पोट पुढे, माणूस मागून. आधी माझा कोट घातला. उभा राहिला तेव्हा दृष्ट लागावी असा! मग त्यानं ढोल वाजवायला हात उचलले आणि कोट गेला कानापर्यंत. "आजी, हा कोट माझ्याआधी पळतोय!"

तिचा घातला. हात वर, हात खाली. कोट जागच्या जागी.

"हा कुणी बेतला?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

धाकटी काही बोलली नाही. बोलू शकली असती. मी तिच्या जागी असते तर गावभर सांगितलं असतं. ती खाली बसून त्याच्या कोटाचा घेर मोजत राहिली. तेच जास्त लागलं मनाला.

बुधवार, १६
कंपनीला फोन लावला. हातात कापड, म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. एक मुलगी, गोड आवाजाची. आधी मॅडम, मग आजी.

"आजी, एकाच कॉम्प्युटरवर कितीही वेळा प्रोग्राम टाका. एक लायसन पुरतं. वेगळं घ्यायला लागत नाही."

"मग भांडतो का तो?"

"तुमच्याकडे दोन्ही बाजूंना मालकाची नावं वेगवेगळी आहेत. म्हणून त्याला वाटतं, एकाची किल्ली दुसरा पळवतोय. दोन्हीकडे एकच नाव घाला, दोन्हीकडे चालेल."

"कुणाचं नाव?"

"ते तुम्ही ठरवायचं, आजी." किल्ली मोकळी करते म्हणाली. नाव घातलं की तपासायला एक दिवस घेतात. पुन्हा अडलं तर थेट तिलाच फोन करायचा.

धाकटीची इस्त्री थांबली होती. सगळं ऐकलं असणार. बाईंनी विचारलंसुद्धा, "काही निरोप?" मी म्हटलं, नाही. तिकडूनही – नाही.

गुरुवार, १७
मी पोचले तर धाकटी आधीच कॉम्प्युटरसमोर! खटखट काहीतरी लिहिलं, बंद करून उठली. म्हटलं, झालं! घातलं पुन्हा स्वतःचं नाव घाईघाईनं. दिवसभर गरगरत होतं डोकं. दुकान मी काढलं. पाटीवर नाव माझं. पण मुंढा? मुंढा तिचाच बरोबर. माझा कोट पळतो.

ती चहाला गेल्यावर माझ्या बाजूनं बसले. मालकाचं नाव – माझं खोडलं, तिचं घातलं. तिच्याकडे तिचं आहेच, आता इकडेही तिचं. जुळलं! बोटं जराशी अडखळली, खोटं कशाला बोलू. पडद्यावर आलं, तपासणी चालू आहे, उद्या उघडा.

कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, १८
पुन्हा बंद! पट्टी वाचली – मालकाचं नाव जुळत नाही. या कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या बाजूच्या मालकाचं नाव – आणि पुढे माझं. माझं नाव! तिच्या बाजूला!

मी हसत सुटले. थांबताच येईना. मागून आवाज – "अहो ताई, काय झालं? उघडलं नाही का?" थेट मला!

काजवाल्या बाईंनी सुई खाली ठेवली. "मग आता मी कुणाला काय सांगू?"