लेन्सचं टोपण

तिसगाव, दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ

रोल धुतला. अख्खी फिल्म कोरी. एकसुद्धा फोटो नाही!

टोपण. लेन्सचं टोपण मी काढलंच नव्हतं. माझ्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधूनच दिसतं, टोपण राहिलं की समोर अंधार, लगेच कळतं. या नव्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची बघायची खिडकीच लेन्सपासून वेगळी. तिच्यातून सगळं दिसत होतं. ऊसतोडीला निघालेला ट्रक, त्याच्यापुढे फोडलेला नारळ, शेजारची हौसाआज्जी, तिच्या कडेवर तान्ही नात, बाजूला लेक-सून. आज्जी एकटीच मागं राहणार, म्हणून फोटो तिलाच हवा होता.

"दिसतंय का रं नीट समदं?"

"लख्ख दिसतंय, आज्जी."

लख्ख! आणि टोपण लावलेलं. एवढी वर्षं फोटो काढतोय मी. मोबाईलनं एक काढून ठेवायचं सुचू नये?

मघाशी आज्जी दारात आली. "उद्या देतोस न्हवं फोटू?"

"हो" म्हणालो. का म्हणालो?

ट्रक आता गुढीपाडव्यालाच परतणार. तोवर नात चालायला लागेल. आणि आज्जीनं आजच भिंतीत खिळा ठोकून घेतलाय.