सत्त्याऐंशी नंबरचं पदक आणि अर्धा तास

माननीय अध्यक्षमहाराज यांस,

जुनी पदके व स्मृतिफलक संग्राहक मंडळाच्या चिटणिसाचा नमस्कार पोचावा. इकडे चिटणीस ठीक आहे आणि मंडळही (म्हणजे पुन्हा चिटणीसच) ठीक आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? उजव्याची चौकशी मी गेल्या पत्रात केली होती, तिचं उत्तर आलं नाही, तेव्हा तो बरा आहे असं धरून चाललो आहे. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. नातीला एव्हाना दात आले असतील. आले नसल्यास कळवावं, आले असल्यासही कळवावं, कारण तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यापासून चौदा महिन्यांत तुमच्याकडून काहीच कळलेलं नाही. दर महिन्याला सभेची नोटीस सात दिवस आधी तुमच्या नव्या पत्त्यावर पाठवतो आहे. एकही परत आली नाही, म्हणजे तुम्ही त्या घेता एवढं तरी नक्की.

सभा बंद पडल्या असतील अशी शंका मनात आणू नका. दुसऱ्या रविवारी सकाळी बरोबर दहाला मी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जातो (खालच्या पुस्तकबांधणीतल्या खळीचा वास अजून जिना चढून आपल्याबरोबर वर येतो), कपाट उघडतो, ट्रे काढतो, हजेरीपत्रकावर सही करतो आणि गणसंख्या मोजतो. मोजायला फार वेळ लागत नाही. घटनेप्रमाणे तीन लागतात, एक भरते. मग मी उभा राहून गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्याचं जाहीर करतो, आणि तीच सभा त्याच जागी अर्ध्या तासाने, गणसंख्येची अट न लावता पुन्हा भरेल, असंही सांगतो. कोणाला सांगतो हे विचारू नका. इतिवृत्तात ‘जाहीर केले’ असं लिहायचं, तर जाहीर करायला नको का? उभं आयुष्य वजनमापे खात्यात काढलेला माणूस आहे मी, खोटी नोंद माझ्या हातून व्हायची नाही. मग तो अर्धा तास मी बसून काढतो. आपण तिघं होतो तेव्हा ही वेळ कधी आलीच नाही, त्यामुळे अर्धा तास केवढा असतो हे मला माहीतच नव्हतं. साडेदहाला सभा सुरू होते आणि लगेच अडते, कारण सूचक मी होईन, पण अनुमोदक कुठून आणू? एकदा ठराव मांडून झाल्यावर खुर्ची बदलून अनुमोदन द्यावं असा विचार केला होता. पण ती खुर्ची आपल्या खजिनदारांची. ते जाऊन दीड वर्ष झालं तरी तिच्यात मला बसवेना. थोडक्यात, चौदा महिन्यांत एकही ठराव मंजूर नाही.

हे सगळं चाललं असतं तसंच, पण वाचनालयाच्या नव्या ग्रंथपालबाईंनी आपलं हजेरीपत्रक पाहिलं. बाई भल्या आहेत, हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की संगणकवर्गाला खोली हवी आहे, एका माणसाला मंडळ म्हणता येत नाही असं कार्यकारिणीचं मत पडलं आहे, आणि येत्या वार्षिक सभेच्या पत्रकावर किमान दोन सह्या नसल्या तर कपाट रिकामं करून द्यावं लागेल. वर त्यांनीच सुचवलं की प्रदर्शन भरवा, एखादा नवा सभासद गळाला लागेल.

भरवलं. दोनशे दहा पदकं आणि एकोणीस फलक मी एकट्याने मांडले. गटार योजनेच्या उद्घाटनाचा फलक आठवतो ना? (घागर ओतणारी बाई आणि खाली सतरा अभियंत्यांची नावं. गटारात ती बाई नक्की काय ओतते आहे यावर आपण एक अख्खी सभा घालवली होती.) तो भरतो बारा किलो साडेतीनशे ग्रॅम, आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर तो तेवढाच्या तेवढा पडला. फलकाला काही झालं नाही. मी लंगडत दारात उभा राहिलो. पहिले गृहस्थ आले ते स्वच्छतागृह विचारायला. दुसरे सगळीकडे फिरले, चांगला वेळ फिरले, माझ्या आशा पल्लवित झाल्या, आणि मग त्यांनी हळूच विचारलं की हे किलोवर देणार का नगावर. तिसरे मात्र प्रत्येक पदकापुढे थांबले आणि शेवटी तोंड वाकडं करून म्हणाले की सगळंच काळं पडलंय, कोणी घासत नाही वाटतं. अध्यक्षमहाराज, मला तुमची इतकी आठवण झाली की त्या माणसाला मी चहा पाजला.

कारण हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकत आलो आहे. दर वार्षिक सभेत तुमचा ठराव ठरलेला: ‘सर्व पदके घासून लख्ख करण्यात यावीत.’ आणि दर वर्षी तो दोन विरुद्ध एक मतांनी पडणारही ठरलेला. मी समजावून सांगायचो की ब्राँझवर वर्षानुवर्षं चढलेला तो काळसर चॉकलेटी थर म्हणजे त्या पदकाचं वय आहे, एकदा घासलं की वय गेलं, ते काही परत आणता येत नाही. खजिनदार समजावत बसत नसत. हौस असेल तर घरची भांडी घासा, असं म्हणून ते हात वर करायचे. त्यांच्याइतका कट्टर माणूस मी पाहिला नाही. पदक नुसतं हातात घेतलं तरी आधी रुमाल काढायला लावायचे.

तर प्रदर्शन संपत आलं होतं. अभिप्रायवहीत एकच अभिप्राय जमा होता (‘पंखा चालत नाही’). मी ट्रे आवरायला घेतले आणि जिन्यावर पावलं वाजली. आपल्या वहिनी, खजिनदारांच्या पत्नी. वाचनालयाच्या फळ्यावर सूचना वाचून आल्या होत्या. बऱ्याच थकल्या आहेत. त्या ट्रेंवरून फिरल्या, आणि बारा नंबरच्या ट्रेपुढे थांबल्या. तुम्हाला सांगायला नको, त्या ट्रेमध्ये एक खळगा रिकामा आहे. क्रमांक सत्त्याऐंशी, जुन्या पुलाच्या उद्घाटनाचं पदक. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि पदक त्या खळग्यात ठेवलं. बरोबर बसलं.

“हे तुमचंच ना?” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातून जी पिशवी दिली तिच्यात होतं. ती मी दीड वर्षं उघडलीच नव्हती. शेवटी शेवटी त्यांची मूठ सदा मिटलेली असायची. मला वाटायचं, कुठली तरी किल्ली असेल.”

मग त्यांच्याकडूनच कळलं की ते पदक वर्षानुवर्षं खजिनदारांच्या कोटाच्या खिशात असे. वार्षिक मोजणीच्या दिवशी तेवढं गुपचूप ट्रेमध्ये ठेवायचे आणि संध्याकाळी परत उचलायचे. खजिनदारच ते, त्यांच्यावर कोण नजर ठेवणार! मी पदक हातात घेतलं. रुमालाशिवाय घेतलं. एका बाजूला पूल आहे तसा काळसर, आणि दुसरी बाजू अंगठा फिरवून फिरवून आरशासारखी लख्ख. घरी नेऊन तराजूत घातलं. नोंदवहीत बहात्तर ग्रॅम लिहिलं आहे, आता भरतं एक्काहत्तर ग्रॅम आठशे मिलिग्रॅम. आपल्याला रुमाल काढायला लावणाऱ्या माणसाने दोनशे मिलिग्रॅम पूल नुसत्या अंगठ्याने झिजवला. मी एकटाच खो खो हसलो, आणि मग हे सांगायचं कोणाला, असा विचार आला आणि बसून राहिलो.

आता मुद्द्याचं. खजिनदार दवाखान्यात होते त्या वर्षीची मोजणी आपण दोघांनी केली. कपाटाची किल्ली तुमच्याकडे होती. सत्त्याऐंशी नंबर सापडला नाही. आजारी माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून आपण त्यांना विचारलं नाही, आणि मी इतिवृत्तात लिहिलं, ‘क्र. ८७, किल्ली अध्यक्षांच्या ताब्यात असताना गहाळ.’ नियमाला धरून लिहिलं. आणि इतिवृत्तावर अध्यक्षांची सही लागते म्हणून तुम्ही ते वाचलंत, चष्मा पुसलात, आणि खाली सही केलीत. त्यानंतर आपण नीट बोललो ते फक्त खजिनदारांना पोचवायला गेलो तेव्हा, आणि चार महिन्यांनी तुम्ही लेकीकडे गेलात. ती माझी चूक होती. लाज वाटते. ती नोंद रद्द करण्याचा ठराव मी वार्षिक सभेत मांडतो आहे, पण त्याला अनुमोदक हवा. ज्याच्यावर आळ घेतला त्यानेच अनुमोदन द्यावं की नाही, हे घटनेत शोधलं. मनाई कुठेही नाही.

कळावे. वार्षिक सभा येत्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, नेहमीच्या जागी.

आपला नम्र,
चिटणीस

ता. क. – पदकं घासण्याचा तुमचा ठराव मी आपण होऊन विषयपत्रिकेत घेतला आहे. खजिनदारांनी एक बाजू स्वतःच घासून ठेवल्यामुळे विरोध करायला मला तोंड राहिलेलं नाही, अनुमोदन देईन आणि मतदानात तटस्थ राहीन. तुम्ही एक विरुद्ध शून्य मतांनी जिंकाल. मात्र सूचक जातीने हजर हवा. घासायची पावडर आणून ठेवली आहे. फडकी दोन आणली आहेत.

ता. क. २ – वरचं पत्र कार्यालयीन, म्हणून तुम्ही-तुम्ही केलं. हे खासगी आहे. खोली गेली तर जाऊ दे, ट्रे मी माझ्या पलंगाखाली ठेवीन. रागावला असशील तर रागाव, पण इथे येऊन रागाव.

ता. क. ३ – घटना पुन्हा एकदा काढून वाचली. आपण दोघं आलो तरी गणसंख्या तीनची भरत नाही, म्हणजे सभा तहकूब करावीच लागणार. तो अर्धा तास तुला माझ्याबरोबर बसावंच लागेल, त्याला माझा नाइलाज आहे.